उकंडराव आणि सेकंड डिव्हिजन

गेल्या जूनमध्ये मॅट्रिकचा निकाल लागला त्या संध्याकाळी एक गृहस्थ माझ्या घरी आले. खुर्चीत बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "सर, पोरानं मान खाली घालायला लावली. सेकंड डिव्हिजन." आणि मी हसलो. नुसता हसलो नाही, खांदे हलेपर्यंत हसलो. गृहस्थ अर्धा चहा टाकून उठले. मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेलो, माफी मागितली, दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन पुन्हा मागितली. माफी मागण्यात मी पहिल्यापासून कसूर करत नाही. पण हसू का आलं हे काही त्यांना सांगता आलं नाही. त्यासाठी उकंडराव सांगावे लागले असते, आणि उकंडराव हा काही फाटकात उभ्याउभ्या सांगून संपणारा माणूस नव्हता.

पन्नासनंतरच्या त्या वर्षांत मी शेलूबाजारला शाळामास्तर होतो. अमरावतीला शिकत असताना थोडा फुटबॉल खेळलो होतो, आणि माझ्याजवळ स्वतःची शिट्टी होती. तालुक्याच्या गावी तेव्हा एक फुटबॉल मंडळ होतं. कचेरीतले, कोर्टातले, पोलिसांतले आणि हायस्कुलातले असे संघ आपसांत लीग खेळायचे. खेड्यांतल्या पोरांनी आम्हालाही घ्या म्हणून लकडा लावला, तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांनी तोड काढली. हे अध्यक्ष पेशानं वकील, आणि सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणत. गावातल्या संघांची फर्स्ट डिव्हिजन, खेड्यांची सेकंड डिव्हिजन. सेकंडमध्ये जो पहिला येईल तो पुढच्या वर्षी वर जाईल. सेकंड डिव्हिजनचा सेक्रेटरी मी, आणि दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून रेफरीही मीच.

ही बातमी घेऊन मी उकंडरावांच्या मळ्यात गेलो. शेलूबाजारचा संघ म्हणजे त्यांच्या मळ्यातली आणि आजूबाजूच्या मळ्यांतली पोरं. उकंडराव स्वतः आयुष्यात कधी खेळले नव्हते. बुटके, पोट सुटलेले, गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, डोक्याला दुपट्टा. वांगी, मिरच्या आणि सांभार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर, हे त्यांचं पीक. मुलांवर रागावले की शिव्याही मळ्यातल्याच द्यायचे. नुकतंच खेळायला लागलेलं पोरगं म्हणजे ढेमसं, आणि गोल चुकवणारा म्हणजे बी धरलेली भेंडी.

मी बातमी सांगितली. त्यांनी खुरपं खाली ठेवलं.

"म्हणजे पोट्टे पास झाले?"

"पास नाही हो, सेकंड डिव्हिजनमध्ये घेतलं."

"तेच म्हणून राह्यलो मी. माहा पुतण्या मॅट्रिकले दोनदा बसला, मास्तर. त्याले थर्डही नाई भेटली. अन् हे अकरा ढेमसे, सही करता येत नाई एकाले, सेकंड डिव्हिजनमधे निंगाले."

मी समजावून सांगायला तोंड उघडलं तेव्हा ते बांध ओलांडून गेले होते. संध्याकाळी बाजारात त्यांनी गूळ-फुटाणे वाटले. घेणाऱ्यांनी पोरांच्या पाठी थोपटल्या. एका म्हातारीनं गोलकीपर गणपतला पुढं काय शिकणार म्हणून विचारलं. मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी जाऊन सगळं खरं सांगितलं, की ही परीक्षा नाही, खालचा गट आहे, यावर फर्स्ट डिव्हिजन आहे.

"मालूम हाये ना मले," उकंडराव म्हणाले. "फर्स्ट वकिलाच्या पोट्ट्याले भेटते. आपल्याले सेकंड लय झाली."

सामने कोणत्या दिवशी ठेवायचे हा प्रश्न त्यांनी बसल्याबसल्या सोडवला. ज्या गावचा ज्या दिवशी बाजार, त्या दिवशी तिथं सामना. "सारे तसेही तिथंच असतेत," ते म्हणाले. फर्स्ट डिव्हिजनचे सामने रविवारी व्हायचे, कारण कोर्ट-कचेरीला सुट्टी तेव्हाच. आमची सेकंड डिव्हिजन आठवडी बाजाराच्या मागं मागं फिरायची. दुपारपर्यंत गाडीतली भाजी विकायची, बाजार उठायला लागला की रिकाम्या टोपल्या उपड्या घालून प्रेक्षकांना बसायला द्यायच्या आणि सामना सुरू. धनजला मैदानाच्या मधोमध एक बाभूळ होती. ती धनजच्या बाजूनं खेळते असं सगळे म्हणत, कारण आमची चढाई रंगात आली की चेंडू नेमका तिच्याच काट्यावर जायचा.

सामन्याआधी चेंडू तपासायचा मान उकंडरावांचा. ते तो कानाजवळ धरून बोटानं वाजवायचे, अंगठ्यानं दाबायचे आणि निकाल द्यायचे. "कोवळा हाये," म्हणजे हवा कमी. "जून झाला," म्हणजे कातडं गेलं. मी रेफरी असूनही मला तो निकाल मान्य करावा लागे, कारण तो कधी चुकत नसे.

ऑफसाइड मात्र पोरांच्या डोक्यात शिरेना. मी फळ्यावर आकृत्या काढल्या. खडू झिजला, पोरं जांभया देऊ लागली. शेवटी मागं बसलेले उकंडराव उठून पुढं आले.

"आयका बे. दुसऱ्याच्या वावरात नुसता राखण्या असन, तर शिराचं नाई. त्याले चोरी म्हन्तेत. राखण्या अन् घरचा आनखी एखादा माणूस असन, तर शिराचं. मंग तुमी पाहुणे."

त्यानंतर आमच्या पोरांचं ऑफसाइड जवळजवळ थांबलं, आणि झालं तर सगळं मैदान "चोर, चोर" म्हणून ओरडायचं. मला शिट्टी वाजवायची गरजच उरली नाही. एरवी मला शिट्टी वाजवताना वाईट वाटे. ज्याच्याविरुद्ध वाजवली त्याला मी सामन्यानंतर गाठून "मनावर घेऊ नको" म्हणत असे.

एकदा आमचा संघ चांगला खेळला म्हणून वकीलसाहेबांनी बक्षीस दिलं. फुटबॉलच्या बुटांचा एक जोड. पूर्ण सेकंड डिव्हिजनमध्ये बूट असलेला तो पहिला संघ. उकंडरावांनी साहेबांना नमस्कार केला, बूट दुपट्ट्यात बांधले, आणि पुढच्या सामन्याला उजव्या कडेच्या पोराला उजवा आणि डाव्या कडेच्या मारोतीला डावा घातला. "दोघाले एकएक. भांडण नाई." मारोतीला बूट एक बोटभर मोठा होता. तो पुढं चिंध्या कोंबायचा.

आता मी खऱ्या गोष्टीकडं येतो.

तीनचार हंगाम आम्ही कधी दुसरे, कधी तिसरे आलो. त्यात सगळे सुखी होते. मग एका वर्षी पोरं अशी खेळायला लागली, की शेवटच्या सामन्याआधी शेलूबाजार आणि आसेगाव बरोबरीनं सगळ्यांच्या पुढं. शेवटचा सामना याच दोघांचा, आमच्या बाजारात. जो जिंकेल तो फर्स्ट डिव्हिजनमध्ये.

मी आनंदानं मळ्यात गेलो. उकंडराव मिरच्यांच्या वाफ्यात बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मास्तर, पहिला आला त्याले पहिला राहू द्या ना. वर काहून ढकलता?"

"नियम आहे."

"आताच तर राज्य बदललं. आमी मध्य प्रदेशात झोपलो अन् मुंबई राज्यात उठलो. कोनी इचारलं का? आता म्हन्ता डिव्हिजन बदला. माणसानं रहावं कुठं?"

मग त्यांनी सांगितलं. सोमवारी मोठा बाजार. त्यासाठी रविवारी सगळ्या मळ्यांत तोडणी. फर्स्टमध्ये गेलं तर रविवारी पोरं तालुक्याला, वांगी झाडाला. बाप पोरांना दोनदा जाऊ देतील, तिसऱ्यांदा नाही. "पोट्टे घरी बसतीन. टीम मोडन. एवढीच गोष्ट हाये." ते इतकं हळू बोलले, की मला तिथंच त्यांची माफी मागावीशी वाटली, आणि मी मागितलीही.

"तुमचा काय दोष," ते म्हणाले आणि उठले. चेहऱ्यावर काहीतरी ठरलं होतं.

सामन्याच्या दिवशी बाजार लवकरच उठला. आसेगावचा संघ आला. त्यांचे म्होरके रहीमभाई मणियार. बांगड्या विकायचे. त्यांच्या संघातली पोरंही बांगड्या, चपला, कापड घेऊन बाजारोबाजार फिरणारी. बायकांच्या हातात काच न फुटता बांगडी चढवायची, या सवयीनं रहीमभाई बोलायचेही तसेच, हलक्या आवाजात. सामन्यात त्यांना ओरडताना कोणी ऐकलं नव्हतं. त्यांची आणि उकंडरावांची दोस्ती जुनी. बाजारात दोघांची जागा शेजारीशेजारी.

वकीलसाहेब हार घेऊन आले. सामन्याआधी त्यांनी भाषण केलं आणि शेवटी खूशखबर दिली. फर्स्ट डिव्हिजनमध्ये दोन जागा करता येतील, तेव्हा सामना बरोबरीत सुटला तर दोन्ही संघांना वर घेऊ. टाळ्या साहेबांनी स्वतःच वाजवल्या. मी उकंडरावांकडं पाहिलं. त्यांनी गोलकीपर गणपतला कानाशी ओढलं होतं.

"आज राखण्या जेवायले गेला, असं समज."

मी शिट्टी वाजवली. आसेगावनं चेंडू मागं दिला, मागच्यानं आणखी मागं दिला, आणि त्यांच्या गोलकीपरनं तो आमच्या पोराच्या पायाशी अलगद सोडला. आमच्या पोरानं त्याच्याकडं कोणीतरी परक्याचं मूल सांभाळायला दिल्यासारखं पाहिलं आणि परत देऊन टाकला. मग मला उमगलं. हरायला आमचे आले होते तसे तेही आले होते, आणि दोघांनाही दुसऱ्याचं माहीत नव्हतं.

पुढं जे झालं ते मी अजून कोणाला नीट सांगू शकलेलो नाही. आसेगावचा एकजण चेंडू घेऊन स्वतःच्याच गोलाकडं पळाला. आमचे तिघं त्याच्या मागं धावले आणि त्यांचा गोल त्यांच्यापासून वाचवला. लगेच आमच्यातल्या एकानं आमच्या गोलात मारला. गणपत जेवायला गेलेला राखण्या, पण तो खराही राखण्याच होता, रात्रंदिवस लोकांची पिकं राखून पोट भरणारा. चेंडू येताना दिसला आणि त्यानं झेप घेऊन तो छातीशी धरला. उकंडराव कडेनं धावत आले.

"सोड म्हटलं ना, भोपळ्या."

"काका, हात गेले," गणपत म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

टोपल्यांवर बसलेल्या बाजाराला आता सगळं कळलं होतं. आसेगावचे लोक आमच्या पोरांना ओरडून उत्तेजन देत होते, आमचे लोक त्यांच्या. कांदे विकणारी एक म्हातारी म्हणाली, "हे काय लग्नाची पंगत हाये का? तुमी घ्या, नाई तुमी घ्या." वकीलसाहेब मला पुन्हापुन्हा विचारत होते, "मास्तर, हा कोणता डाव?" मी मनातल्या मनात सगळं नियमपुस्तक चाळलं. आग्रहाविरुद्ध त्यात नियम नव्हता. आणि शिट्टी माझ्या तोंडात होती. मला हसू आलं की ती चिवचिवायची, ती वाजली की खेळ थांबायचा, आणि थांबला की मी दोन्ही संघांची माफी मागायचो. असं किती वेळा झालं कोण जाणे.

अर्धा वेळ झाला. गोल शून्य. दोघे म्होरके एका काकड्यांच्या टोपलीपाशी येऊन बसले. मी तिथंच पाणी पीत होतो.

"काहून बे रहीम," उकंडराव म्हणाले, "हारायले आला का?"

"और तुमी? तुमचा तो गणपत सोडून साऱ्यायले हारायचं हाये." रहीमभाईंनी काकडी मोडून अर्धी त्यांना दिली. "भाऊ, आइतवारचा बाजार आमचा साऱ्यात मोठा. माह्या पोट्ट्यायनं आइतवारी दुकान नाई लावलं तं बाकीचे सहा दिवस काय काचा खायाच्या?"

"अन् माहे वांगे आइतवारी नाई तोडले तं सोमवारी मी काय दगडं विकू?"

दोघे काकडी खात राहिले. बरोबरी झाली तर दोघंही बुडणार हे न बोलता दोघांना कळत होतं. एकाला वर जावंच लागणार होतं. उकंडरावांनी रहीमभाईंकडं पाहिलं, रहीमभाईंनी उकंडरावांकडं. मग दोघेही घाईनं उठून आपापल्या पोरांकडं गेले. आमच्याकडचं मी ऐकलं.

"आता जिका. रहीम वर जाता कामा नये. त्याचे पोट्टे उघडे पडतीन."

तिकडं रहीमभाई काय सांगत होते ते मी ऐकलं नाही, पण सामना सुरू झाल्याबरोबर दिसलं. मी अमरावती पाहिली, नागपूर पाहिलं, असा फुटबॉल कुठं पाहिला नाही. दोन्हीकडची पोरं वाघ मागं लागल्यासारखी धावत होती. दुसऱ्याला वाचवायचं म्हणून दुसऱ्यालाच आडवं पाडत होती. आता गणपतला मोकळीक मिळाली होती, त्यानं एक चेंडू डोक्यानं, एक पोटानं आणि एक पाठमोरा असताना अडवला. आणि हलक्या आवाजाचे रहीमभाई कडेला उभे राहून असे ओरडत होते, की त्यांची बायको बांगड्यांचं दुकान सोडून त्यांना काय झालं ते बघायला आली.

तरी गोल होईना. वेळ संपत आली. बरोबरी होणार आणि दोघंही वर जाणार. उकंडराव घड्याळाला हात जोडत होते, म्हणजे माझ्या मनगटाला.

तेवढ्यात डाव्या कडेनं मारोती सुटला. पुढं राखण्या होता आणि घरचा एक माणूसही होता, म्हणजे चोरी नव्हती. मारोतीनं जीव एकवटून डावा पाय मारला. चेंडू गेला आणि त्याच्या मागोमाग बूटही गेला. बूट जास्त उंच, जास्त सरळ आणि जास्त वेगानं. आसेगावचा गोलकीपर तयारीचा होता, त्यानं उजवीकडं सूर मारून बूट दोन्ही हातांनी अचूक पकडला, छातीशी धरला आणि हसत उठला. चेंडू डावीकडून सावकाश आत गेला.

मी गोल दिला. बुटाबद्दल नियमात काही नव्हतं. तरी पुष्कळ दिवस मला वाटत राहिलं, की निदान बूट अडवल्याचं श्रेय त्या पोराला द्यायला हवं होतं.

वकीलसाहेब हार घेऊन धावत आले. उकंडराव टोपलीवर बसले होते, विझल्यासारखे. रहीमभाई त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

"भाऊ, ये क्या किया तुमनं? मी जाऊन राह्यलो होतो ना वर."

"तू? कायले?"

"तुमचे वांगे सडले असते म्हणून."

उकंडरावांना ते समजायला एक क्षण लागला. मग त्यांनी रहीमभाईंना सगळ्या भाज्यांच्या नावानं शिव्या दिल्या, ढेमसं झालं, दोडकं झालं, भोपळा झाला, आणि शेवटी दोघेही एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसायला लागले. साहेबांनी हार घातला तो दोघांच्या गळ्यात मिळून पडला.

पुढच्या हंगामाचा पहिला रविवार आला तेव्हा मी धास्तावलेलाच होतो. तालुक्याच्या मैदानावर दुसरा संघ पांढऱ्या बनियनांत उभा, आणि आमचा पत्ता नाही. मग धूळ दिसली. दोन बैलगाड्या, वर पोरं आणि पोरांखाली वांगी, मिरच्या, सांभार. उकंडरावांनी सगळ्या मळ्यांना तोडणी शनिवारी करायला लावली होती. गोलपोस्टाच्या मागं त्यांनी गोणपाट अंथरलं, ढीग लावले, तराजू काढला.

"अहो, हे मैदान आहे," वकीलसाहेब म्हणाले. "बाजार नाही."

"साहेब, आमी इतके साल बाजारात खेयलो, बाजारानं काही म्हटलं नाई. आता खेयात बाजार केला तं काय झालं?"

कचेरीवाल्यांच्या बायकांना ताजी भाजी दारात आली, त्यामुळं दुसऱ्या रविवारपासून साहेबांचं काही चाललं नाही. तिसऱ्या रविवारी तिथं भजीवाला आला. आमचा संघ कधी जिंकायचा, बहुतेक हरायचा, पण रविवारी एकही पोरगं घरी बसलं नाही. उकंडराव सोमवारच्या बाजारापेक्षा रविवारी जास्त विकू लागले. रहीमभाई मात्र आपल्या मोठ्या बाजाराला आणि सेकंड डिव्हिजनला चिकटून राहिले. अधूनमधून निरोप पाठवायचे, "वरची हवा मानवते का?"

त्याच वर्षी माझी बदली झाली. निघालो तो नेमका रविवार होता. मोटार मैदानाच्या कडेनं वळली आणि समोर रस्त्यावर म्हशी आल्यामुळं थांबली. गोलपोस्टाच्या मागं उकंडराव दिसले. हातात तराजू, एका पारड्यात वांगी. समोर वकीलसाहेबांच्या पत्नी पिशवी उघडी धरून उभ्या होत्या आणि त्यांना काहीतरी विचारत होत्या, बहुधा भाव. खाली उतरून त्यांना भेटावं असं फार वाटलं. पण सामान टपावर बांधलेलं होतं, आणि माझ्यासाठी सगळ्या मोटारीनं खोळंबावं हे मनाला पटेना. मी खिडकीतून हाक मारली. त्यांना ती ऐकू गेली नाही. मैदानावर कोणीतरी चेंडू कोपऱ्यात नेऊन ठेवत होतं, आणि उकंडरावांनी तराजूसकट हात वर केला होता.

"बाई, दम धरा," ते म्हणत होते. "कॉर्नर हाये."

म्हशी गेल्या आणि मोटार सुटली.